यंदा पिशवीत बाटली नाही

लिमरिक (आयर्लंड), २४ नोव्हेंबर २०२४

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की बाबा "तिकडे पाऊस आहे का?" विचारतात आणि आई म्हणते रेंज गेली. म्हणून लिहितोय. इथे पाऊस आहे. कायमच असतो.

बाबा, २१ डिसेंबरला येतोय, पण यंदा दारूची बाटली आणणार नाही. ठरलंय ते. विनूदादालाही मस्कतला फोन करून सांगून टाकलंय, तेव्हा तिकडूनही आशा ठेवू नका.

रागावू नका, आधी ऐका. सवय मीच लावली. पहिल्या वर्षी मुंबईत उतरलो, इमिग्रेशनचा शिक्का झाला, आणि सामानाच्या पट्ट्याकडे जाताना ते करमाफ मालाचं, ड्यूटी-फ्रीचं झगमगतं दुकान दिसलं. तुम्हाला काय आणावं हे तोपर्यंत सुचलंच नव्हतं. स्वेटर तुम्ही ट्रंकेत ठेवता, घड्याळ दुसऱ्याला देऊन टाकता. बाटली मात्र तुम्ही दोन्ही हातांनी धरून उजेडात बघितलीत. मग दरवर्षी तेच. एक-एक लिटरच्या दोन, कारण माणशी दोन लिटरचीच मुभा. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. वर्षभर इकडे असतो, तिकडे निदान शनिवारी संध्याकाळी माझं नाव निघतं.

आणि तुम्ही जोशीकाकांना सांगायचात, "पोरगं ड्यूटी-फ्री आणतं, त्याला कस्टमवाले विचारू शकत नाहीत." विचारू शकतात, बाबा. हे एकदा नीट सांगतो, बँकेतल्या माणसाला पटेल.

मी राहतो तिथून पंचवीसेक किलोमीटरवर शॅनन विमानतळ आहे. हा सगळा प्रकार तिथे १९४७ साली सुरू झाला. तेव्हा विमानांना अटलांटिक एका दमात झेपत नसे, इंधन भरायला ती तिथे उतरत. ब्रेंडन ओरेगन म्हणून एक जण तिथलं खानपान बघायचा. त्याचं म्हणणं असं, की हे प्रवासी इथे राहणार नाहीत, माल इथे वापरणार नाहीत, मग इथला कर त्यांनी का भरायचा? त्याच वर्षी इथल्या संसदेने तसा कायदा केला. पुढे १९८३ मध्ये दुबईने असं दुकान काढलं, तेव्हा ते उभं करायलाही इथलीच मंडळी गेली होती. म्हणजे मी विमान बदलतो तिथेही आमचे गाववाले!

तर निघताना घेतलेल्या मालावर माफ होतो तो निघालेल्या देशाचा कर. इथे दारूवर तो जबर आहे. सातशे मिलीच्या साध्या व्हिस्कीवर जवळजवळ १२ युरो अबकारी, वर २३ टक्के व्हॅट. पण माणूस मुंबईत उतरला की आपला कायदा सुरू. दोन लिटर दारू, आणि ती धरून सगळा नवा माल ठरावीक रकमेपर्यंत. त्यावर गेलं की लाल मार्गाने जाऊन ड्यूटी भरायची. मुंबईतल्या त्या दुकानात घेतलेलंही त्याच मर्यादेत धरतात. जोशीकाकांनी गेल्या वर्षी "सगळ्यांचं मिळून चार लिटर एका पिशवीत" म्हटलं होतं, तेही चालत नाही. ज्याची मुभा त्याची त्यालाच, एकत्र करता येत नाही. त्यांना सांगा, माझ्या पासपोर्टावर डोळा ठेवू नका.

आई, तुझं चॉकलेट येतंय. फक्त विमानतळावरून नाही, गावातल्या दुकानातून. चॉकलेटवर दारूसारखा अबकारी कर नसतो, त्यामुळे विमानतळावर बऱ्याचदा उलट महागच पडतं. ते त्रिकोणी खोकं हवं असेल तर सांग, खोक्यासाठी घेईन.

आता खरं बोलतो. ऑक्टोबरात व्हिडिओ कॉलवर तुमच्या मागे कपाटातली बाटली दिसली. लेबलावर तुम्ही पेन्सिलीने रेघा मारता ना, दर शनिवारची एक, आईला हिशेब दिसावा म्हणून. पूर्वी त्या बोटभर अंतरावर असायच्या. या वेळी दोन-दोन बोटांवर होत्या, आणि शेवटच्या दोन रेघांमधला शनिवार कुठला हे मला कळेना. बाबा, मी ओरडत नाहीये. डॉक्टरांनी यकृताची सूज आणि साखर दोन्ही बघून "पूर्ण बंद" म्हटलं, ते तुम्ही मला "कमी करा म्हणाले" असं सांगितलंत. आईने सांगितलं नाही, रिपोर्ट मी पाहिला. तिच्यावर चिडू नका.

शनिवार मोडू नका पण. ती स्टीलची बशी, खारे शेंगदाणे, कांदा, लिंबू. मी चौथीत असताना तुम्ही मला त्यातले दहा शेंगदाणे मोजून द्यायचात आणि अकरावा हळूच सरकवायचात, आई बघत नाही असं समजून. ती बघत असायची. मी आलो की आपण दोघं बसू, सोडा आणि कोकम. कोकम आवडत नाही माहितीय, तरी घ्या.

लोकरीचे मोजे आणतोय, दोघांना दोन-दोन जोड, आणि आईच्या गुडघ्यासाठी गरम पाण्याची पिशवी. इथली टिकते. तुमच्यासाठी बीपीचं यंत्र सांगलीतूनच मागवलंय, बुधवारी येईल. खोकं जपून फोडा, वॉरंटीचा कागद फेकू नका. सकाळी चहाच्या आधी, पाच मिनिटं शांत बसून मोजायचं. आकडे वहीत. रेघा मारायची पेन्सिल त्या वहीलाच सुतळीने बांधून टाका.

पुढची सोनोग्राफी मी असतानाच करू, २६ तारीख घेऊन ठेवलीय. बदलू नका. बाटल्या मात्र फेकू नका हं आई, फ्रीजमध्ये पाण्याला त्याच बऱ्या.

मुंबईहून रात्रीची गाडी मिळाली तर पहाटे पोचेन. जागत बसू नका. किल्ली कुंडीखाली ठेवा, नेहमीच्याच.

तुमचा,
बाळू