पुस्तकातल्या चित्रकारालाही मंचावर बोलवा : मराठी भाषा मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : बालवाङ्मयाच्या राज्य पुरस्कारांत चित्रकाराचा समावेश करण्याबाबत

महोदय,

मी कुडाळ तालुक्यातली. गेली २२ वर्षं मुलांच्या पुस्तकांसाठी आणि दिवाळी अंकांसाठी चित्रं काढते. माझा हात वळला तो वडिलांच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवायच्या कारखान्यात. माती मळायला, रंग लावायला घरातले सगळे असायचे, पण डोळ्यांची आखणी वडील कुणाला करू देत नसत. मला त्यांनी पहिल्यांदा ब्रश दिला तेव्हा मी १५ वर्षांची होते. आखणी चुकली तर गणपती समोरच्याकडे बघत नाही, असं ते म्हणायचे. पुस्तकासाठी चित्र काढताना मला अजूनही तेच वाक्य आठवतं.

काही वर्षांपूर्वी मी चित्रं काढलेल्या एका बालकथेच्या पुस्तकाला एका संस्थेचा पुरस्कार मिळाला. ३२ पानांचं पुस्तक, पानावर जेमतेम तीन-चार ओळी, बाकी सगळी चित्रं. निमंत्रण लेखिकेला होतं. त्यांनीच मला फोन करून ‘तू यायचंच’ असं बजावलं, म्हणून रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले आणि प्रेक्षकांत बसले. मानपत्र वाचलं गेलं. त्यात परीक्षकांनी ‘ओल्या खळ्याचं, भिंतीवर निथळणाऱ्या इरल्याचं आणि चुलीपाशी पाय शेकणाऱ्या आजीचं जिवंत वर्णन’ म्हणून लेखिकेचं कौतुक केलं होतं. महोदय, त्या पानावर शब्द तीनच आहेत : ‘पाऊस थांबतच नव्हता.’ घरापुढचं खळं, पावसात पाठीवर घ्यायचं इरलं, आजीचे पाय, सगळं चित्रात आहे. लेखिकेने भाषणात हे स्वतःहून सांगितलं आणि मला उभं राहायला लावलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण मानपत्रावर माझं नाव नव्हतं, कारण नियमात चित्रकार नावाचा कुणी नव्हताच.

त्या एका चित्रासाठी मी आषाढात तीन दिवस मावशीच्या मांगरात, म्हणजे शेतघरात, जाऊन बसले होते. इरलं आता कुठे दिसतं? लावणीला बायका प्लास्टिकचे कागद पांघरून जातात. मावशीकडे माळ्यावर एक जुनं होतं, ते खाली काढलं. कामट्यांची वीण कशी फिरते, पानं कशी एकावर एक बसवलेली असतात, वाकून तरवा, म्हणजे भाताची रोपं, लावणाऱ्या बाईच्या पाठीवर ते कुठपर्यंत येतं, हे बघून घेतलं. ठाण्यातल्या किंवा लातूरच्या आठ वर्षांच्या मुलाला ‘इरलं’ हा शब्द नुसता वाचून काय कळणार? चित्र बघितलं की तो शब्द त्याचा होतो. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा मला मनापासून आनंद झाला. हे शब्द मुलांपर्यंत जिवंत पोचवणं भाषेचंच काम आहे, आणि ते आम्ही रेषेने करतो.

कोकणाला हे नवीन नाही. पिंगुळी माझ्या घरापासून फार लांब नाही. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी म्हणजे रामायण-महाभारतातल्या आख्यानांच्या चित्रांची पोथी. एकेक चित्र समोर धरायचं आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने कथा गायची. त्या पोथीतून चित्रं काढून घेतली तर कथा सांगता येणार नाही. ही कला ज्यांनी जपली आणि आपल्या गोठ्याचं संग्रहालय केलं, त्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या दिवशी आमच्याकडे सणासारखा आनंद होता.

छापील मराठीतही हेच. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून ज्यांनी ही परंपरा सुरू केली ते काशिनाथ रघुनाथ मित्र मूळचे आजगावकर, आणि आजगाव आमच्या शेजारच्या सावंतवाडी तालुक्यात. १९१६ साली मडगावला जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केला. दलालांची चित्रं बघायला म्हणून अंक घेणारी घरं होती. माझ्या आजोळी त्यांचं एक मुखपृष्ठ चौकटीत बसवून ओटीवर लावलेलं होतं. लेखक कोण होता ते कुणाच्या लक्षात नव्हतं, दलाल मात्र सगळ्यांना माहीत होते.

आता आपल्या विभागाकडे येते. स्व. यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कारांत बालवाङ्मयाचे सहा विभाग आहेत : कविता, नाटक-एकांकिका, कादंबरी, कथा, सर्वसामान्य ज्ञान आणि संकीर्ण. उत्तम प्रकाशन संस्थेसाठी श्री. पु. भागवत पुरस्कार वेगळा आहे. लिहिणाऱ्याचा मान झाला, छापणाऱ्याचा झाला. ज्या पुस्तकातला निम्मा मजकूर रंगरेषेत आहे, त्याच्या चित्रकाराला कुठे जागा नाही.

ही चूक इतरांनीही केली होती आणि दुरुस्त केली. अमेरिकेत बालसाहित्याच्या लेखकासाठी न्यूबेरी पदक १९२२ मध्ये सुरू झालं, चित्रकारासाठी कॅल्डेकॉट पदक १९३८ मध्ये. बालसाहित्याचा आंतरराष्ट्रीय हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार १९५६ पासून लेखकांना मिळतो, १९६६ पासून चित्रकारांनाही. आपल्या देशात टाटा ट्रस्ट्सच्या ‘पराग’ या बालसाहित्याच्या उपक्रमाने २०१६ मध्ये बिग लिटल बुक पुरस्कार सुरू केला तोच लेखक आणि चित्रकार या दोघांसाठी. पहिल्याच वर्षी लेखनासाठी मराठी भाषा निवडली गेली आणि माधुरी पुरंदरे यांना तो मिळाला. त्या तर लिहितातही आणि चित्रंही काढतात.

राज्य कला प्रदर्शनात उपयोजित कलेचा विभाग आहे, तिथे चित्रं पाठवा, असं मला काही जणांनी सुचवलं. पण तिथे चित्र एकटं टांगलं जातं. पुस्तकात त्याच्या आधीचं पान असतं, नंतरचं असतं, पान उलटताना मूल थबकतं ती जागा असते. ते शब्दांसोबतच वाचून पारखायला हवं, म्हणजे साहित्याच्या परीक्षकांसमोरच यायला हवं. परीक्षकांत एक जाणता चित्रकारही बसायला हवा.

म्हणून बालवाङ्मयात पुस्तकातल्या चित्रांसाठी सातवा पुरस्कार सुरू करावा, त्याची रक्कम इतर सहांइतकीच असावी. तो होईपर्यंत, सचित्र पुस्तकाला पुरस्कार मिळाल्यास मानपत्रावर चित्रकाराचं नाव यावं. यासाठी साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या प्रवेशिकेत ‘लेखकाचे नाव’ याखाली एक ओळ वाढवली तरी पुरे. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत आतल्या पानावर चित्रकाराचं नाव छापलं जातं. शासनाची ही रीत आहेच, ती पुरस्कारांपर्यंत यावी.

पुढच्या प्रवेशिका मागवण्याआधी नियमांचा मसुदा करायला कुणी बसणार असेल तर मला जरूर बोलवावं. रात्रीच्या गाडीने येईन आणि त्या पुस्तकाची मूळ चित्रं सोबत आणीन.

आपली नम्र,
एक चित्रकार
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग