नवं कार्ड घ्यायच्या आधी

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज काल रात्री झोपायच्या वेळी वाचला आणि झोप उडाली. ‘गेममध्ये स्क्रीन काळी होते, ग्राफिक्स कार्ड गेलं, नवीन बघतोय.’ एका ओळीत निदान केलंस, पेशंट गेल्याचं जाहीर केलंस आणि त्याच्या जागी दुसरा आणायलाही निघालास! जरा थांब. फोन केला असता तर तू प्रत्येक वाक्याला ‘हो, ते केलं’ म्हणाला असतास, म्हणून लिहायला बसलोय. हेच दुखणं मी तीन आठवडे काढलंय, आणि त्यातले जवळजवळ अडीच आठवडे माझ्याच मूर्खपणात गेले.

माझ्याकडे काय व्हायचं ते आधी ऐक. दिवसभर काम करा, सिनेमे बघा, मशीन अगदी शहाणं. गेम लावला की पंधरा-वीस मिनिटं मजेत, आणि मग एकदम अंधार. मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. हेडफोनमध्ये मात्र लढाई चालूच. माझा गडी कुठेतरी उभ्या उभ्या गोळ्या खातोय आणि टीममधले माझ्या नावाने शंख करतायत. त्याच क्षणी कार्डाचे फॅन असे सुटायचे की पलीकडच्या खोलीतून बायको विचारायची, ‘काय रे, उडतंय का ते?’ मग पॉवरचं बटण दाबून धरायचं, परत चालू करायचं, की काही झालंच नाही अशा थाटात सुरू.

पहिली चूक घाईची. एकाच संध्याकाळी मी ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) बदलला, बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मुळाच्या सेटिंगमध्ये, जाऊन रॅमचं एक्सएमपी (वेग वाढवायची सोय) बंद केलं आणि मॉनिटरची केबलही बदलली. दोन दिवस शांतता. मी विजयी मुद्रेने फिरत होतो. तिसऱ्या दिवशी परत अंधार. आता त्या तिघांतल्या कशाने दोन दिवस मिळाले? की कशानेच नाही, आणि त्या दोन दिवसांत मी हलकेफुलके गेमच खेळत होतो? मला आजही सांगता येणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण रात्री अकरा वाजता, उद्या मॅच असताना, कोणाला धीर असतो?

दुसरी चूक इव्हेंट व्ह्यूअरची, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीची. तिथे लाल खुणेसह ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसली आणि मला वाटलं, सापडला चोर. अरे, ४१ एवढंच सांगतं की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. का नव्हतं, याबद्दल ते अवाक्षर काढत नाही. आणि माझ्याकडे ते रीतसर बंद का नव्हतं? कारण बटण मीच दाबून धरत होतो. म्हणजे ज्याला मी पुरावा समजत होतो तो माझ्याच अंगठ्याचा ठसा! त्याच्या आसपास ४१०१ ही नोंद असेल तर मात्र तिला अर्थ आहे. कार्डाने ठरावीक वेळेत, मुळात २ सेकंदांत, उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हर पाडून पुन्हा उभा करतं, आणि ते जमलं की ही ४१०१ लिहून ठेवतं. मधल्या रविवारी अख्खं विंडोज पुसून नव्याने टाकलं, त्याबद्दल काही लिहीत नाही. दिवस गेला, बाकी काही नाही.

शेवटी कंटाळून मी एक साधी गोष्ट केली. स्क्रीन काळी झाल्यावर लगेच बटणाकडे हात न नेता दहा सेकंद गप्प बसून बघितलं. तूही हेच कर. कारण ‘स्क्रीन काळी झाली’ हा ताप आहे, आजार नव्हे. मॉनिटरचं स्वतःचं मेनूचं बटण दाब. सिग्नल नसतानाही त्यावर काहीतरी अक्षरं उमटायला हवीत. दिवा चालू असून काहीच उमटत नसेल तर मॉनिटरच आडवा झालाय, आणि आपण उगाच कॅबिनेट उघडून बसू. कीबोर्डवर नम लॉक दाबून बघ, दिवा बदलतो का. बदलत असेल तर आतला मेंदू जागा आहे, फक्त चित्र पोचत नाही. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाब. याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर रीसेट होतो. बीप वाजून चित्र परत आलं तर कार्ड निदान मेलेलं नाही. मशीन आपणहून रीस्टार्ट झालं किंवा फटकन बंद पडलं तर नजर एसएमपीएसकडे, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याकडे, वळव. आणि माझ्यासारखे फॅन पिसाळले, नम लॉकही मुका झाला, तर कार्ड मदरबोर्डाशी बोलायचंच थांबलंय असं समज.

तापमानाचा संशय तुलाही येईल, सगळ्यांनाच येतो. पण अंधारात आकडा दिसणार कसा? एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ते लॉग फाइलवर लिहायची सोय आहे. ती चालू ठेवून खेळायचं आणि नंतर फाइलची शेवटची ओळ वाचायची. माझी शेवटची ओळ: कार्ड ७१ अंश, हॉटस्पॉट (त्यातली सर्वांत तापलेली जागा) ८४. काहीही विशेष नाही. तसंही कार्ड तापलं की आधी स्वतःचा वेग उतरवतं, फ्रेम पडायला लागतात. एकदम दिवे घालवणं ही त्याची फार शेवटची पायरी. तरी मी धूळ काढली. बरीच निघाली. फरक शून्य.

फरक पडला तो एका स्लायडरने. कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने वीज ओढायची मर्यादा, १०० टक्क्यांवरून ७० वर आणली आणि तोच गेम, तोच नकाशा, तीन रात्री खेळलो. एकदाही अंधार नाही. परत १०० केली, अठराव्या मिनिटाला ‘नो सिग्नल’. त्या रात्री मला अंधार झाल्याचा पहिल्यांदा आनंद झाला.

म्हणजे भानगड वीज ओढण्यात होती. पण एसएमपीएसवर ७५० वॉट लिहिलेलं, म्हणून मी तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. कार्डाला बोर्डाच्या स्लॉटमधून ७५ वॉटपर्यंत मिळतात आणि ८ पिनांच्या प्रत्येक सॉकेटातून १५०. हा झाला कागदावरचा हिशोब. प्रत्यक्षात कार्ड सलग एकसारखं खात नाही, मिलिसेकंदापुरता मोठा घास घेतं आणि सोडतं. या उसळ्या इतक्या मोठ्या असतात की २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० मानकात एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंद स्वतःच्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसावा अशी तरतूद करावी लागली. नळाला पाणी भरपूर, पण पाइपच सैल बसलेला असेल तर?

कॅबिनेट उघडलं. माझ्या कार्डाला ८ पिनांची दोन सॉकेटं आहेत आणि जोडताना मी आळस केला होता: दोन तोंडं असलेली एकच केबल दोन्हीकडे लावलेली. दुसऱ्या तोंडाची खिट्टी नीट अडकलीच नव्हती, नखाच्या जाडीएवढी फट राहिली होती. टॉर्च धरून बघितलं तरच दिसेल अशी. प्लग ओढला तर तो थोडा चिकटून निघाला. आठांपैकी एका भोकाची कड तपकिरी झालेली, प्लॅस्टिक जरासं फुगलेलं, आणि नाकाशी नेलं तर इस्त्री जास्त वेळ ठेवल्यावर येतो तसा वास. कार्डाकडची पिन सुदैवाने फक्त काळवंडली होती. आणि लाज वाटायची गोष्ट म्हणजे एसएमपीएससोबत आलेली दुसरी केबल खोक्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरही न निघालेली! आता दोन सॉकेटांना दोन स्वतंत्र केबल आहेत, लिमिट परत १०० वर आहे, आणि पाच आठवडे झाले, एकदाही अंधार नाही.

आता तुझ्याकडे येतो. हे सगळं वाचून तू केबल उपसायला धावशील, पण तुझी गोष्ट माझी नाही असं मला वाटतं. तुझा मेसेज परत वाच. त्या ओळीच्या खाली तू सहज लिहिलंयस की कधी कधी चित्र दोन-तीन सेकंदांत आपोआप परत येतं आणि गेम चालूच असतो. आणि हेही की हे नवा मॉनिटर आल्यापासून जास्त होतं. मित्रा, कार्ड मरत असतं तर ते इतकं सभ्यपणे परत आलं नसतं!

जुना मॉनिटर १०८०पी, ६० हर्ट्झ, सेकंदाला साठदा नवं चित्र. म्हणजे सेकंदाला सुमारे १२.४ कोटी बिंदू. नवा १४४०पी, १६५ हर्ट्झ, ६०.८ कोटी. जवळजवळ पाचपट ओझं, आणि मला खात्री आहे की केबल तू तीच लावली असशील, टेबलामागून फिरवलेली ती लांबलचक. तू म्हणशील, मग डेस्कटॉपवर का होत नाही? सेटिंग्जमध्ये डिस्प्लेत जाऊन रिफ्रेश रेट बघ. पैज लावतो, तो अजून ६० वर असेल आणि गेम फुलस्क्रीनला गेला की १६५ मागत असेल. म्हणून आज रात्री एवढंच कर: गेममध्येही ६० ठेव आणि दोन तास खेळ. अंधार थांबला तर मॉनिटरच्या खोक्यात आलेली आखूड केबल लाव, रेट परत १६५ कर आणि पुन्हा खेळ. ६० वरही झालं तर माझा अंदाज चुकला. मग सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या प्रोग्रॅमने तो मुळापासून काढून नवा टाक, आणि त्यानंतर माझ्यासारखी पॉवर लिमिट खाली आणून बघ. तरीही सुटलं नाही तर कार्ड काढून माझ्याकडे ये, माझ्या मशीनमध्ये लावू. तिथेही मेलं तर नवं कार्ड निवडायला मीच तुझ्याबरोबर बसेन.

मधल्या काळात ती दहा सेकंदं काय काय दिसलं ते लिहून पाठव. ‘काळी झाली’ एवढं लिहिलंस तर उत्तर देणार नाही.

तुझाच,
अंधारातला अनुभवी

ता. क. : एसएमपीएसची केबल बदलायची वेळ आलीच तर दुसऱ्या एसएमपीएसची उसनी घेऊ नकोस. प्लग बसतो, पण एसएमपीएसकडच्या बाजूची पिनांची रचना वेगळी असू शकते आणि मग खरंच नवं कार्ड घ्यावं लागेल. आधी मेनचं बटण बंद कर, आणि प्लग ‘टक्’ ऐकू येईपर्यंत दाब. माझी भाजलेली केबल ड्रॉवरमध्ये जपून ठेवली आहे, आलास की वास देतो.