सईस: भोकं मोजण्याआधी त्यांचा आकार बघ

इंदूर,
शुक्रवार, रात्र

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

लेझरनं टायटॅनियमची पावडर थराथरानं वितळवून तू ज्या पट्ट्या छापल्यास, त्यांच्यातल्या भोकांचे सहाही फोटो संगणकावर मोठे करून पाहिले. घनता ९९.६ टक्के असूनही फटीग टेस्टमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण देऊन बघताना, पट्ट्या लवकर का तुटतात, असं तू विचारलं आहेस. तो ९९.६ चा आकडा आधी बाजूला ठेव, कारण त्याच्यावर माझा विश्वास नाही.

आर्किमिडीजच्या पद्धतीत तू हवेतलं वजन भागिले हवेतल्या आणि पाण्यातल्या वजनांतला फरक, गुणिले पाण्याची घनता, असं काढलं आहेस, आणि पाण्याची घनता सरळ १ धरली आहेस. २० अंशांवर ती ०.९९८२ असते, ३० अंशांवर ०.९९५७. म्हणजे तुमची खोली तीस अंशांवर असेल, तर तुझा आकडा जवळजवळ ०.४ टक्क्यांनी फुगलेला आहे. शिवाय टीआय-सिक्स-फोरची, म्हणजे तुझ्या टायटॅनियम मिश्रधातूची, पूर्ण घनता कोणी ४.४१ धरतं, कोणी ४.४३, त्यातच आणखी जवळपास अर्धा टक्का गेला. १० मिमीच्या घनावर एक मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा चिकटून राहिला, तर ०.०५ टक्के तो एकटाच खातो. डिस्टिल्ड पाणी घे, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाक, नमुना बुडवल्यावर हलकेच हलव आणि पाण्याचं तापमान दर वेळी लिहून ठेव. एवढं करूनही हा आकडा फक्त किती भोकं आहेत ते सांगतो. पट्टी कुठल्या भोकापासून तुटली, हे त्यात कधीच दिसणार नाही.

ते फोटोत दिसतं. पहिल्या फोटोतले विखुरलेले बारीक गोल ठिपके सोडून दे. वितळलेल्या धातूवर आरगॉनचा झोत मारून पावडर बनवतात, तेव्हा काही कणांत वायू अडकतो, तोच हा. दुसऱ्या आणि पाचव्या फोटोतली भोकंही गोलच आहेत, पण मोठी आहेत आणि कातडीच्या आत साधारण ०.२ मिमीवर ओळीनं बसली आहेत. तुझी खरी अडचण तीच आहे. चौथ्या फोटोतली चपटी, फाटक्या कडांची भोकं थरांना समांतर आहेत आणि दोन ठिकाणी आत न वितळलेले पावडरचे दाणे जसेच्या तसे दिसतात. ती वेगळ्याच कारणाची आहेत, आणि औषध नेमकं उलट लागतं. म्हणून 'पॉवर थोडी वाढवून बघा' हा तुमच्या लॅबमधला सल्ला ऐकू नकोस. एक दुखणं बरं होईल आणि दुसरं बळावेल.

आधी गोल भोकं. लेझरखाली धातू वितळतोच, शिवाय उकळतो. वाफेचा दाब द्रवाला खाली ढकलतो आणि अरुंद, खोल खड्डा पडतो, त्याला की-होल म्हणतात. किरण त्याच्या भिंतींवर आपटत आत जातो, त्यामुळे धातू जास्त ऊर्जा शोषतो आणि खड्डा आणखी खोल होतो. अमेरिकेतल्या आरगॉन नॅशनल लॅबोरेटरीत (नाव वायूचंच वाटतं, पण त्याचा इथे संबंध नाही) सिंक्रोट्रॉन या प्रवेगक यंत्राच्या प्रखर क्ष-किरणांनी हे चालू असताना चित्रित केलं गेलं. २०१९ च्या कामातून कळलं की चांगल्या, रोजच्या सेटिंगमध्येही की-होल बहुतेक वेळा असतोच. तो असणं हा दोष नाही. २०२० च्या कामात दिसलं की खड्ड्याचं टोक अस्थिर झालं की त्याचा तुकडा तुटून बुडबुडा होतो आणि मागून गोठत येणारा धातू त्याला जागीच पकडतो.

मग तुझी भोकं कडेलाच का? लेझरचा किरण फिरवणारा आरसा रेघेच्या शेवटी वळताना मंद होतो. लेझर त्या वेळी चालूच राहिला, तर १२०० मिमी प्रति सेकंदासाठी ठरवलेले २८० वॅट त्याहून कितीतरी कमी वेगात एकाच जागी ओतले जातात. खड्डा खोल जातो, आणि लेझर वळून पुढे निघाला की कोसळतो. २०१९ मध्येच लिव्हरमोर आणि स्लॅक या अमेरिकी प्रयोगशाळांच्या गटानं हीच वळणावरची भोकं क्ष-किरणांत दाखवली. उपाय मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याचं नाव स्कायरायटिंग. आरसा रेघेच्या बाहेर जाऊन वळतो, तोवर लेझर बंद राहतो आणि पूर्ण वेग आल्यावरच पेटतो. बिल्डला, म्हणजे एका पूर्ण छपाईला, वेळ जास्त लागतो, म्हणून पुष्कळ ठिकाणी ते बंद ठेवलेलं असतं. तुमच्याकडे ते चालू आहे का, हे ऑपरेटरला विचारू नकोस, स्वतः स्क्रीनवर बघ. चालू असूनही भोकं आली, तर बाहेरची कंटूर (कडेची) रेघ आणि आतलं हॅच (आत भरायच्या समांतर रेघा) यांच्यातलं अंतर तपास.

आता चपटी भोकं. शेजारच्या दोन रेघांचे वितळलेले पाट एकमेकांवर पुरेसे चढले नाहीत की मधे फट राहते. हिशेब सोपा आहे: हॅच (दोन रेघांतलं अंतर) भागिले पाटाची रुंदी, त्याचा वर्ग, थर भागिले पाटाची खोली, त्याचा वर्ग, दोन्हींची बेरीज १ च्या आत हवी. तुझं हॅच १४० मायक्रॉन आणि थर ३० आहे. पाट १७० रुंद आणि ६० खोल असेल, तर बेरीज ०.९३ येते. म्हणजे जेमतेम निभावलं. तोच पाट १५० रुंद आणि ५० खोल झाला, तर १.२३. एवढा फरक पडायला फार काही लागत नाही. लेझरच्या काचेवर काजळी बसली किंवा धूर किरणाच्या आड आला की पुरे. चौथा फोटो वायू बाहेर पडतो त्या टोकाच्या पट्टीचा आहे, हे तू स्वतःच लिहिलं आहेस. धूर आणि उडालेले कण आरगॉनबरोबर त्याच बाजूला वाहतात. काच प्रत्येक बिल्डआधी पूस, आणि छपाईचा क्रम असा लाव की वायू बाहेर पडतो त्या टोकाच्या पट्ट्या आधी आणि वायू शिरतो त्या बाजूच्या शेवटी होतील. नाहीतर आधी छापलेल्यांचा धूर पुढच्यांच्या डोक्यावर.

तुझ्या अहवालात ऊर्जा-घनतेचा एकच आकडा आहे, ५५.६ जूल प्रति घन मिमी. २८० वॅट भागिले वेग १२००, हॅच ०.१४ आणि थर ०.०३ यांचा गुणाकार. गणित बरोबर आहे, पण त्याच्यावर सेटिंगचा नकाशा काढू नकोस. १४० वॅट आणि ६०० मिमीलाही हाच आकडा येतो आणि पाट मात्र अगदी वेगळा पडतो. लेझरच्या ठिपक्याचा व्यास तोच असेल, तर की-होलचा जोर वॅट भागिले वेगाच्या वर्गमुळावर चालतो. तो पहिल्या सेटिंगला ८.१ आहे, दुसऱ्याला ५.७. एकाच आकड्याखाली दीडपटीच्या जवळचा फरक लपतो. या आकड्यावरचे आलेख अजून पुष्कळ निबंधांत छापून येतात, ते बघून चीड येते.

त्यापेक्षा एक दिवस खर्चून एकेरी रेघा मार. त्याच मिश्रधातूची प्लेट घे, वर एक थर पावडर. १५० ते ३५० वॅटमध्ये पाच पायऱ्या, ६०० ते १८०० मिमीमध्ये पाच वेग, प्रत्येकी तीन रेघा, २० मिमी लांबीच्या. रेघ मध्यावर आडवी काप, टोकांना नको, तिथे वेग खरा नसतो. सिलिकॉन कार्बाइडचे ३२० ते १२०० पेपर, मग कोलॉइडल सिलिकावर निवांत पॉलिश. टायटॅनियम चिवट आहे, घाईत पॉलिश केलं की धातू भोकांवर पसरतो आणि ती लहान दिसतात. नळाचं पाणी शेवटच्या धुण्याला वापरू नकोस, आपल्या नर्मदेच्या पाण्यानंही डाग राहतात. भोकं मोजायची ती एचिंगच्या (आम्लानं पृष्ठभाग कोरण्याच्या) आधी, पाट मोजायचे ते नंतर. त्यासाठीच्या आम्ल-मिश्रणाला, क्रॉल रीएजंटला, ९२ मिली पाणी, ६ नायट्रिक आणि २ हायड्रोफ्लोरिक. पाण्यात आम्ल, उलटं नाही, आणि काचेच्या भांड्यात नाही. हायड्रोफ्लोरिकच्या भाजण्यावर लावायच्या कॅल्शियम ग्लुकोनेट जेलची ट्यूब फ्यूम हुडमध्ये समोर दिसत नसेल, तर त्या दिवशी एचिंग होणार नाही, गाइड कितीही घाईत असले तरी. हायड्रोफ्लोरिक लागल्यावर लगेच दुखेलच असं नाही, आणि धोका तोच आहे.

हॉट आयसोस्टॅटिक प्रेसिंगबद्दल, म्हणजे तापलेल्या वायूनं सगळ्या बाजूंनी दाबण्याबद्दल, विचारलं आहेस. सुमारे ९२० अंश, १०० मेगापास्कल आणि दोन ते चार तासांत आतली भोकं दबतात. पृष्ठभागाला उघडी असलेली दबत नाहीत, कारण वायू आतही तेवढाच शिरतो. म्हणून क्रमाला महत्त्व आहे. आधी प्रेसिंग, मग मशीनिंग. तू आधी ०.२ मिमी खरवडलंस, म्हणजे आतली ओळ बाहेर आणलीस. भोकाच्या आकारावरून त्याच्या कडेचा ताण काढायच्या मुराकामींच्या सूत्रात पृष्ठभागावरच्या भोकाचा गुणांक ०.६५ आहे, आतल्याचा ०.५. भोक तेवढंच, ताण तीस टक्के जास्त. तुझ्या मशीन केलेल्या पट्ट्या न केलेल्यांपेक्षा फारशा टिकल्या नाहीत, याचं कोडं बहुधा इथेच सुटेल. तुटलेली तोंडं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेव, चीर जिथून निघाली तिथे रेषा पंख्यासारख्या एकत्र येतात.

ताण काढायची हीट ट्रीटमेंट वायरकटच्या (तारेनं पट्ट्या प्लेटवरून कापण्याच्या) आधी, प्लेटवर असतानाच. ८०० अंश, दोन तास, व्हॅक्यूम किंवा शुद्ध आरगॉन. भट्टीतून पट्ट्या निळ्या निघाल्या, तर ऑक्सिजन शिरला आहे. वरचा थर ठिसूळ झालेला असणार, त्या पट्ट्या फटीगला लावू नकोस. पावडरही किती वेळा परत वापरली त्याची वही ठेव. दर फेरीत ऑक्सिजन वाढतो, आणि ग्रेड २३ ची (याच मिश्रधातूच्या कमी ऑक्सिजनच्या प्रकाराची) मर्यादा ०.१३ टक्केच आहे.

मशीनचा फिल्टर कधीही एकटीनं उघडू नकोस. त्यातली काजळी पावडरपेक्षा लवकर पेटते, आणि पेटलेल्या टायटॅनियमवर पाणी मारायचं नसतं. डी वर्गाचं (धातूच्या आगीसाठीचं) अग्निशामक कुठे टांगलंय ते बघून मला लिही.

इथे आरआरकॅट या संशोधन केंद्राच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर क्ष-किरण इमेजिंगची बीमलाइन आहे. बाहेरच्या संशोधकांना अर्ज करता येतो, पण तो गाइडच्या सहीनं जातो, तेव्हा त्यांच्याशी बोल. की-होलची फिल्म तिथे मागू नकोस, पण कातडीजवळच्या भोकांची ओळ न कापता बघायला मिळाली तर फार काम होईल. रंगपंचमीच्या गेरला (मिरवणुकीला) येशील तेव्हा दुसऱ्या बिल्डमधली न खरवडलेली एक पट्टी बरोबर आण. अख्खी प्लेट नको, सात किलो होते.

बाबांनी तिकिटाचं विचारलंय.

तुझी,
आई