बाबा, ते दिग्दर्शनाचं काम मी नाही म्हणून सांगितलं

प्रिय आई-बाबा,

तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा आईचे गुडघे, बाबांचा मोतीबिंदू, डॉक्टरांची तारीख एवढंच बोलून ठेवून दिला. सांगायचं होतं ते तोंडातून बाहेरच पडेना, म्हणून लिहितेय. अक्षर मोठं काढलंय. आई, तू वाचून दाखवणार असशील तर मधलं काही गाळू नकोस, तू गाळतेस ते बाबांना पण माहितीये.

बातमी ही की मला एका नाटकाच्या स्वतंत्र दिग्दर्शनाचं काम आलं होतं आणि मी नाही म्हणाले.

आता बाबा काय म्हणतील ते मला पाठ आहे. दहा वर्षं असिस्टंट असिस्टंट करतेस आणि एक संधी चालून आली तर लाथाडलीस. लाथाडली नाही हो. आधी सगळं ऐकून घ्या, मग काय ओरडायचं ते ओरडा.

मुळात मी दिवसभर काय करते हे तुम्हाला कधी धड सांगितलंच नाही, ती चूक माझी. तुम्ही नातेवाइकांना 'नाटकात असते' म्हणता, मग ते विचारतात कुठल्या भूमिकेत, आणि तुमची पंचाईत होते. तर माझ्याकडे एक जाडजूड फाइल असते, तिला प्रॉम्प्ट बुक म्हणतात, एका बाजूला संहितेचं पान आणि समोरचं पान कोरं. त्या कोऱ्या पानावर कोण कुठल्या वाक्याला उठलं, कुठून कुठे गेलं, लाइट कधी बदलला, ग्लास शेवटी कुणाच्या हातात राहिला हे सगळं लिहायचं. मोठ्या कंपन्यांमध्ये हे स्टेज मॅनेजरच्या टीमचं काम असतं, आमच्याकडे माणसं कमी म्हणून माझ्याच गळ्यात. आणि लिहायचं पेन्सिलनंच, कारण उद्या दिग्दर्शक सगळं उलटं करणार असतो. बाबा, तुम्ही बेरजा आधी पेन्सिलनं टाकायचात आणि ताळा जुळला की वरून शाई, ते मी टेबलाखाली बसून बघायचे. सवय तिथलीच असणार.

याशिवाय तालमीचं वेळापत्रक लावा, आजारी पडलेल्या नटाच्या जागी उभं राहून त्याची वाक्यं म्हणा, दिग्दर्शक एकाला झापून गेला की त्याला बाहेर नेऊन समजूत काढा, प्रयोग सुरू झाल्यावर दिग्दर्शक दुसऱ्या नाटकाला लागतो तेव्हा हे नाटक भरकटत नाहीये ना ते बघत बसा. कंटाळवाणं आहे बरंचसं. पण या सगळ्यात माणसांकडे बघायला वेळ मिळतो, आणि मला वाटतं मी या कामात टिकले ती त्यामुळेच.

एक सांगते. मागच्या नाटकात नवरा बायकोचं मनगट धरून तिला ओढतो असा सीन होता. चौथ्या दिवशी लक्षात आलं की ती मुलगी त्या वाक्याच्या आधीच अर्धं पाऊल मागे जातेय. वही चाळली तर पहिल्या दिवशी तिची जागा खिडकीपाशी, दुसऱ्या दिवशी टेबलापाशी, तिसऱ्या दिवशी जवळजवळ दारात. मी आपली रोज इमानदारीत जागा लिहीत होते आणि मलाच दिसलं नव्हतं. सगळ्यांसमोर विचारलं तर 'नाही गं, ठीक आहे' म्हणाली, सगळ्यांसमोर सगळेच ठीक असतात. ब्रेकमध्ये दोघीच होतो तेव्हा बोलली, काय ते इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. मी दिग्दर्शकाला इतकंच म्हटलं की त्यानं मनगट न धरता नुसतं दार अडवलं तर? करून बघितलं. तो दारात उभा, हात खिशात, ती बोलतेय आणि तिला बाहेर पडायला वाट नाही. हॉलमध्ये पंखा सोडून कशाचा आवाज नव्हता. आता असल्या सीनसाठी इंटिमसी डायरेक्टर म्हणून वेगळी माणसं असतात, परदेशात २०१६ मध्ये त्यांची संघटना पण उभी राहिली, पण छोट्या ग्रुपला कुठलं परवडायला, तिथे असिस्टंटनंच डोळे उघडे ठेवायचे.

याचं नाव पोस्टरवर येत नाही हे बाबांचं म्हणणं खरंय. आईनं लग्नाआधी 'तीन पैशाचा तमाशा' बघितलं होतं ना, पुलंचं, ते ब्रेख्त या जर्मन नाटककाराच्या ज्या नाटकावरून घेतलंय ते १९२८ चं, आणि ते स्वतःच एका जुन्या इंग्रजी नाटकावरून केलेलं. त्या इंग्रजी नाटकाचं जर्मन भाषांतर केलं एलिझाबेथ हाउप्टमान नावाच्या त्याच्या सहकारी बाईनं. तिचं नाव तुम्ही आज पहिल्यांदा ऐकलं असणार. मला याचा राग येतो, खोटं कशाला बोलू. पण त्याच ब्रेख्तच्या हाताखाली असिस्टंट असलेले बेनो बेसन, मानफ्रेड वेकवर्थ पुढे नावाजलेले दिग्दर्शक झाले, तेव्हा ही वाट कुठेच जात नाही असं पण नाही.

आता ते काम का सोडलं. त्यासाठी आधी एक जुनी गोष्ट सांगावी लागेल, आणि ती मी तुमच्यापासून सहा वर्षं लपवलीये.

कचरा वेचणाऱ्या बायकांवर नाटक करत होतो तेव्हा त्यांच्यातल्या एक मावशी तालमीला यायच्या. चोरीचा आळ घेऊन भर रस्त्यात त्यांची झडती घेतली होती, ती हकीकत त्यांनी सांगितली आणि आख्खा ग्रुप रडला. आमच्या नटीला ते जमेना. मग मी, दुसऱ्या कुणी नाही, मीच त्यांच्याजवळ बसून गोड बोलून म्हटलं, मावशी अजून एकदा सांगाल का, हिला नीट बघू दे. मग अजून एकदा. तिसऱ्या वेळी त्यांनी सगळं भराभर सांगितलं, मध्येच हसल्या, पदर सारखा केला, पिशवी उचलली आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. फोन केला तर म्हणाल्या, "त्या पोरीला रडता येईना म्हणून मला तीनदा रडवलंस." आणि ठेवला. प्रयोग जोरात झाला. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते आणि मी विंगेत हेडसेट कानावर दाबून धरून उभी होते, ऐकू येऊ नये म्हणून. आई, तू तेव्हा विचारलं होतंस की इतकी बारीक का झालीस, मी म्हटलं होतं धावपळ.

त्यानंतर ऑगस्टो बोआलचा एक किस्सा वाचनात आला. हा ब्राझीलचा दिग्दर्शक, फोरम थिएटर त्याचंच, म्हणजे नाटक मध्येच थांबवायचं आणि प्रेक्षकातल्या कुणीतरी उठून पात्राच्या जागी यायचं, मी असतो तर काय केलं असतं ते बोलून नाही, करून दाखवायचं. पण किस्सा त्याच्या आधीचा, १९६० च्या दशकातला. त्याचा ग्रुप गरीब शेतकऱ्यांपुढे नाटक करायचा, शेवटी बंदुका उंचावून गाणं म्हणायचे की जमिनीसाठी रक्त सांडू. एक शेतकरी भारावून जाऊन म्हणाला, चला मग, जमीनदाराच्या गुंडांनी आमच्या माणसाची जमीन घेतलीये, बंदुका घ्या आणि या. हे लोक ओशाळले, म्हणाले बंदुका लाकडाच्या आहेत. तो म्हणाला, काही हरकत नाही, आमच्याकडे खऱ्या आहेत, तुम्ही या फक्त. तेही नको म्हटल्यावर त्याला उमगलं की हे जे रक्त सांडायचं म्हणतायत ते आपलं, त्यांचं नाही. बोआलनं म्हणे त्यानंतर असला उपदेश करणारं नाटक लिहिलं नाही. ते वाचताना मला मावशी आठवत होत्या, दुसरं काही सुचत नव्हतं.

तेव्हापासून मी ज्या ग्रुपमध्ये जाते तिथे काही गोष्टी आधीच बोलून घेते. स्वतःची हकीकत कुणी सांगितली तर एकदाच, टिपून घेणारं माणूस एकच. त्यांच्या वेळेचे पैसे, नटांना मिळतात तसेच, आणि करारात लिहून. त्यातलं काही नको वाटलं तर शेवटच्या तालमीपर्यंत काढून टाकता येईल. आणि पहिला प्रयोग त्यांच्यासाठी. यापायी दोन ग्रुपनी मला परत बोलावलं नाही, तिघांनी मुद्दाम बोलावलं, कारण आमच्यात कामं जाहिरात बघून थोडीच मिळतात, कुणीतरी कुणाला सांगतं की तिला घे, ती सांभाळून घेते. मधल्या रिकाम्या महिन्यांत शाळांमधली वर्कशॉप्स घेते त्यावर निभतं. कसंबसं निभतं, तेही सांगून टाकते.

तर हे नवीन नाटक घरकाम करणाऱ्या बायकांवर होतं. संहिता तयार, संवाद तर झकास. मी विचारलं, यातल्या कुणी हे वाचलंय का. निर्माते म्हणाले, यातल्या म्हणजे?

मी दोन आठवडे मागितले, तालमीच्या आधी, त्या बायकांबरोबर बसून संहिता वाचायला, त्याचे पैसे त्यांना, आणि एक प्रयोग त्यांच्या सुट्टीच्या वेळी. हिशोब झाला, हसणं झालं, त्या बायका नाटक बघायला येणारेत का हे पण बोलून झालं. दोन दिवस विचार करून मी नाही म्हणाले.

आणि बाबा, घाबरले पण होते. हे लिहिलं नाही तर वरचं सगळं फारच थोर वाटेल. पोस्टरवर एकटीचं नाव, नाटक पडलं तर माझंच पडणार, वही हातात घेऊन कोपऱ्यात बसायची सोय नाही. त्या अटी घालताना ते नाही म्हणतील असं मला थोडं बरंच वाटत होतं का? असेलही. दुसरं काम येईल तेव्हा कळेल. हातचं सोडलंय आणि पळत्याच्या पाठी पण मी अजून लागलेले नाही, ही आत्ताची स्थिती.

पुढच्या महिन्यात मी असिस्ट करतेय त्या नाटकाचा एक रिलॅक्स्ड प्रयोग आहे, त्याची जबाबदारी पूर्ण माझी. म्हणजे हॉलमध्ये मिट्ट अंधार करत नाही, आवाज थोडा खाली ठेवतो, दारं उघडी, कुणाला उठावंसं वाटलं तर उठायचं, बोलावंसं वाटलं तर बोलायचं. ज्या मुलांना गोंगाट आणि अंधार सहन होत नाही त्यांच्या आयांनी मागितला होता, पण गुडघे आणि मोतीबिंदूवाल्यांना पण चालतो. तुमच्या दोन खुर्च्या पॅसेजच्या कडेला ठेवल्यात, एकही पायरी नाही, मी स्वतः चालत जाऊन बघितलंय. मी डाव्या विंगेत असेन, दिसणार नाही. बाबा, डुलकी लागली तर खुशाल घ्या. फक्त घोरलात तर कुठल्या वाक्याला ते मी वहीत लिहिणार आहे.

तुमची,
छकुली