इंदोऱ्याच्या मावशींना आभाराचे जाहीर पत्र

आदरणीय मावशी,

सविनय जय भीम.

हे पत्र मी घरी येऊन तुमच्या हातात दिले असते. पण तुम्ही मला जे शिकवले ते नागपुरात मेणबत्त्या करायला निघालेल्या कोणाही नवख्या माणसाच्या उपयोगाचे आहे, म्हणून ते चारचौघांसमोर लिहिते आहे. तुमची परवानगी घेतली आहे आणि तुमच्या इच्छेप्रमाणे नाव कुठेही लिहिलेले नाही. विहारासाठी ज्यांनी तुमच्याकडून आजवर मेणबत्त्या नेल्या आहेत ते तुम्हाला बरोबर ओळखतील.

मी तुमच्याकडे आले तेव्हा माझ्याजवळ सामानाची लांबलचक यादी होती. सोया मेण, जेल मेण, मधमाशीचे मेण, निरनिराळे साचे, रंग, चमकी आणि सुगंधाच्या बाटल्या, असे सगळे तिच्यात होते. तुम्ही ती शांतपणे वाचून बाजूला ठेवली आणि एवढेच विचारले, "मेणबत्ती जळणार कुठी आहे, ते सांग आधी." मला करायच्या होत्या दोन तऱ्हेच्या मेणबत्त्या. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, बुद्ध पौर्णिमेला आणि 14 एप्रिलला लागणाऱ्या साध्या, उभ्या मेणबत्त्या एका बाजूला आणि घरात लावण्यासाठी काचेच्या ग्लासात ओतलेल्या सुगंधी मेणबत्त्या दुसऱ्या बाजूला. या दोहोंचे मेण वेगळे, वात वेगळी आणि ओतण्याची रीतही वेगळी असते, हे त्या दुपारी तुम्ही मला समजावून दिले, आणि यादीतले अर्ध्याहून अधिक सामान तिथेच खोडले गेले. तुमच्यासारखी जाणती व्यक्ती भेटण्याआधी जे लोक बाजारात जातात, त्यांचा पैसा नेमका याच ठिकाणी वाया जातो असे मला आता पक्के वाटते.

दीक्षाभूमीवर 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथे येणाऱ्या लाखो माणसांपैकी अनेकांच्या हातांत मेणबत्ती असते. ती उघड्यावर, वाऱ्यात, गर्दीच्या धक्क्यात पेटवली जाते, तिला कुठलेही भांडे नसते आणि कित्येकदा ती तासन्‌तास पिशवीत, उन्हात राहिलेली असते. अशा मेणबत्तीला पॅराफिनच हवे, आणि तेही 58 ते 60 अंश सेल्सिअसला किंवा त्याहून थोडे वर वितळणारे, पूर्ण शुद्ध केलेले. हे तुम्ही कुठलाही आडपडदा न ठेवता सांगितले. पॅराफिन खनिज तेलापासून निघते म्हणून मी ते टाळायच्या विचारात होते. त्यावर तुम्ही म्हणालात की काजळी धरते ती मुख्यतः लांब वाढलेल्या वातीमुळे आणि वाऱ्याच्या झोतामुळे. वात योग्य जाडीची असली आणि वेळेवर कापली तर साधे पॅराफिनही स्वच्छ जळते. मग तुम्ही दोन जळत्या मेणबत्त्या शेजारी ठेवून, एकीची वात लांब आणि दुसरीची अर्ध्या सेंटीमीटरपर्यंत कापलेली, प्रत्येकीवर स्टीलचा चमचा धरून दाखवला. मेण एकच होते. एक चमचा काळा झाला आणि दुसऱ्यावर जेमतेम एक पुसट डाग आला.

पॅराफिनची पारख करण्याची तुमची रीत मी तशीच्या तशी इथे लिहिते, कारण इतवारीच्या बाजारात मेणाची लादी हातात घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला तीच लागते. लादीचा एक तुकडा वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून पत्र्याच्या छपराखाली दिवसभर ठेवायचा. अर्धवट शुद्ध केलेल्या मेणात तेल राहिलेले असते. ते उष्णतेने बाहेर येते आणि कागदावर पारदर्शक डाग पडतो. पूर्ण शुद्ध केलेल्या मेणात तेलाचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते आणि कागद जवळजवळ कोरडा राहतो. तेलकट मेणाची मेणबत्ती एप्रिलमध्ये बोटांना चिकटते, वाकते आणि धूरही जास्त करते, म्हणून स्वस्त लादी शेवटी महागच पडते.

त्या मेणात शेकडा दहाच्या सुमारास स्टिअरिक ॲसिड, म्हणजे मेणासारखेच दिसणारे एक घट्ट आम्ल, घालायचे, म्हणजे मेणबत्ती कडक, पांढरीशुभ्र होते आणि साच्यातून सहज सुटते, हेही तुमच्याकडूनच कळले. ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात वितळवायचे नाही, कारण आम्ल त्या धातूंवर काम करते आणि मेणाला हिरवट झाक येते. ॲल्युमिनियम किंवा स्टीलचेच पातेले हवे. माझ्या आईचे जुने पितळी पातेले मी याच कामासाठी काढून ठेवले होते, ते तुमच्या एका वाक्याने वाचले.

सोया मेणाबद्दल तुम्ही जे सांगितले ते नागपूरकरांनी विशेष लक्ष देऊन वाचावे. आपल्या विदर्भात सोयाबीन पिकते, त्यामुळे हे मेण आपल्याच मातीतले आहे, अशी एक आपुलकी मला होती. पण दाण्यातून तेल निघते आणि त्या तेलाचे हायड्रोजनीकरण करून मेण बनते. वनस्पती तूप ज्या क्रियेने घट्ट होते तीच क्रिया इथे पुढे नेलेली असते, आणि हे काम कारखान्याचे आहे. ग्लासात ओतण्याचे सोया मेण साधारण 45 ते 52 अंशांच्या दरम्यान वितळते आणि त्याआधीच मऊ पडू लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ओलांडतो, आणि पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत त्याहून कितीतरी वर जातो. म्हणजे सोयाची उभी मेणबत्ती उन्हाळ्यात न पेटवताच आडवी होणार. सोया मेण घ्यायचे तर ग्लासासाठीच घ्यायचे, दिवाळी ते नाताळ या हंगामात करायचे आणि उन्हाळ्यात पार्सलने कुठे पाठवायचे नाही, असे तुम्ही बजावले. थंडीतही त्याचा वेगळा हट्ट असतो. डिसेंबरच्या गार सकाळी थंड काचेत ओतले की ते काचेपासून सुटते आणि वर पांढरी बुरशीसारखी नक्षी उमटते; ग्लास आधी कोमट करून ठेवला आणि खोलीत गार वारा येऊ दिला नाही तर हे बरेच कमी होते. ती नक्षी म्हणजे मेण खराब असल्याची खूण नव्हे, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे, हा तुमचा सल्ला मला फार मोलाचा वाटतो.

मधमाशीचे मेण तुम्ही पुढच्या वर्षावर ढकललेत. ते 62 ते 65 अंशांना वितळते, म्हणून आपल्या उन्हाळ्याला उत्तम, पण महाग असते आणि त्यात पॅराफिनची भेसळ सर्रास होते. हात बसल्याशिवाय ते हाताळू नये, असे तुम्ही म्हणालात. ते मला पटले. जेल मेणाचे नाव तर तुम्ही यादीतून सरळ काट मारून काढले, कारण ते बरेच जास्त तापवावे लागते आणि त्यात प्रत्येक सुगंध मिसळत नाही.

आता वातीबद्दल. तुमचे सर्वांत मोठे ऋण इथेच आहे. बाजारात मेणावर सगळे बोलतात, वातीवर कोणी बोलत नाही. तुम्ही मात्र दुपारचा बराचसा वेळ वातीलाच दिला. जळते ते मेणाची वाफ; ज्योतीने मेण वितळते, वात ते वर ओढते आणि टोकाशी त्याची वाफ होऊन ती पेटते. वात बारीक पडली तर मेण पुरेसे वितळत नाही, मधोमध खड्डा पडत जातो आणि कडेचे मेण तसेच राहते. जाड झाली तर ज्योत उंच नाचते, टोकावर काळा गोळा धरतो आणि काच तापते. तुम्ही आपल्या पेटीतून निरनिराळ्या जाडीच्या विणलेल्या सुती वातींचे तुकडे काढून मला दिलेत, म्हणजे मला पूर्ण रिळे विकत घ्यावी लागू नयेत. एकाच मापाच्या ग्लासांत वेगवेगळी वात लावून, पंखा आणि कूलर बंद ठेवून जाळून पाहायचे आणि तीन-चार तासांत वितळलेले मेण काठापर्यंत पोचते का, त्याची खोली सेंटीमीटरभराच्या आत राहते का, एवढे नोंदवायचे, ही तुमची पद्धत मी वहीत लिहून ठेवली आहे. ग्लासाचा व्यास बदलला, सुगंध बदलला, नुसता रंग गडद केला, तरी वात पुन्हा तपासायची.

वात तयार करण्याची तुमची कृती पाहताना मला विशेष आनंद झाला. तुम्ही तुकडा वितळलेल्या मेणात सोडलात, त्यातून बारीक बुडबुडे निघत राहिले, आणि ते पूर्ण थांबेपर्यंत तुम्ही तो बाहेर काढला नाहीत. मग दोन बोटांत धरून सरळ ताणून कागदावर ठेवलात. बुडबुडे म्हणजे विणीत अडकलेली हवा, ती गेली की वात पहिल्या काडीला नीट पेट घेते. धातूचा गाभा असलेली वात हाती आली तर गाभा उघडून पांढऱ्या कागदावर घासायचा. पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली तर तो शिशाचा समजून वात टाकून द्यायची, हेही तुम्ही करून दाखवले. शिशाच्या गाभ्याच्या वातींवर अमेरिकेत 2003 मध्ये बंदी आली. आपण मात्र हातात आलेली वात स्वतःच तपासून घ्यावी हे बरे.

सुगंधाच्या बाबतीत माझा हट्ट संत्र्याचा होता, आणि नागपूरकराचा तो असणारच. तुम्ही तो मोडला नाहीत, फक्त त्याची मर्यादा दाखवलीत. संत्र्याच्या सालीचे तेल हलके असते, पन्नासच्या आसपास अंशांनाच त्याची वाफ पेट घेण्याजोगी होते आणि गरम मेणात त्याचा वास बराचसा उडून जातो. म्हणून मेणबत्तीसाठीच बनवलेला सुगंध घ्यावा, शंभर ग्रॅम मेणाला सहा ते आठ ग्रॅम घालावा, तोही चमच्याने न मोजता काट्यावर तोलून. अगरबत्तीसाठी पातळ केलेला वास किंवा स्पिरिटचे अत्तर चालणार नाही. आणि संत्र्याच्या वाळक्या चकत्या मेणात शोभेला रोवण्याची माझी कल्पना तुम्ही लगेच थांबवलीत, कारण मेण प्यालेली वाळकी साल स्वतःच दुसरी वात होते. अशा मेणबत्त्या मी दुकानांत पाहिल्या आहेत. आता पाहिल्या की काळजी वाटते. रंग तेलात विरघळणारेच हवेत, खाण्याचे पाण्यातले रंग तळाशी बसतात. याहून रंगांवर काही सांगायची तुम्हाला गरज वाटली नाही.

अवजारांची तुमची यादी अगदी छोटी होती. एक मोठे पातेले पाण्यासाठी, एक चोचीचे भांडे मेणासाठी, तापमापक आणि ग्रॅम दाखवणारा काटा. मेण थेट गॅसवर कधीच ठेवायचे नाही, खालचे पाणी आटू द्यायचे नाही आणि मेणातून धूर दिसला की गॅस बंद करायचा. मेणाने पेट घेतलाच तर झाकण टाकायचे. पाणी मुळीच ओतायचे नाही, कारण पाण्याची क्षणात वाफ होऊन जळते मेण चहूकडे उडते. हे सांगताना तुम्ही झाकण शेगडीशेजारी ठेवले आहे ना, ते स्वतः पाहिलेत. ग्लासात किती मेण लागेल त्यासाठी ग्लास पाण्याने भरून पाणी तोलायचे आणि त्याच्या नऊ-दशांश मेण घ्यायचे, ही युक्ती मी आता सर्वांना सांगते.

उभ्या मेणबत्त्यांसाठी तुम्ही आपला जुना ॲल्युमिनियमचा जोडसाचा मला वापरायला दिलात, हे मी कधी विसरणार नाही. आतून एरंडेलाचा पुसट हात फिरवायचा, वात खाचांतून ताणून गुंडाळायची, दोन्ही भाग आवळायचे, मेण ओतून साचा पाण्यात उभा करायचा आणि पॅराफिन आकसून वातीभोवती खड्डा पडला की थोडे मेण पुन्हा घालायचे. साचा उघडला की मेणबत्त्यांची रांग एकदम सुटते, तो क्षण तुम्ही मला स्वतःच्या हाताने घेऊ दिलात.

साचा येत्या रविवारी परत आणते आहे. त्याच्या एका बाजूच्या स्क्रूचे आटे झिजले होते, तो नवीन बसवून घेतला आहे. सोबत सात सेंटीमीटर व्यासाचा एक सोया मेणाचा ग्लासही आणीन. त्यात वितळलेले मेण चार तासांनंतरही काठापासून थोडे आत थांबते आहे, तेव्हा एका नंबराने अधिक जाड वात घ्यावी की सुगंध कमी करून पाहावा, हे तुम्ही बघून सांगावे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली नम्र,
सक्करदऱ्याची तुमची विद्यार्थिनी