आधी ऋतू, मग काळ

गंगापूर रोड, नाशिक
दि. ३ ऑगस्ट

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र काल मिळाले. भाच्याने दिलेल्या स्विच या निन्टेंडोच्या गेमयंत्रावर तुला ‘ओरॅकल ऑफ सीझन्स’ आणि ‘ओरॅकल ऑफ एजेस’ हे झेल्डा या व्हिडिओ गेम मालिकेतले दोन्ही जुने खेळ सापडले आणि आधी कोणता घ्यावा हे तू मला विचारलेस, याचा फार आनंद झाला. माझे उत्तर असे की आधी सीझन्स घे, मग एजेस. मी स्वतः उलट क्रमाने खेळलो आणि त्याची हळहळ अजून वाटते, म्हणून सविस्तर लिहितो.

हे दोन्ही खेळ गेम बॉय कलर या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी २७ फेब्रुवारी २००१ रोजी जपानमध्ये एकाच दिवशी आले. हिदेमारो फुजिबायाशी यांच्या दिग्दर्शनाखाली कॅपकॉमच्या फ्लॅगशिप या कंपनीने ते घडवले. मुळात बेत तीन खेळांचा होता, परंतु तिन्ही एकमेकांत गुंफणे फारच अवघड ठरल्यामुळे दोन उरले. त्यांतला कोणताही आधी खेळता येतो आणि कथेचा खरा शेवट जो खेळ नंतर घेशील त्यातच उलगडतो. तेव्हा चुकीचा क्रम असा नाहीच, पण अधिक चांगला क्रम आहे, असे माझे ठाम मत आहे.

सीझन्समध्ये ओनॉक्स हा सेनानी ऋतूंची देववाणी असलेल्या डिनला पळवून नेतो, ऋतूंचे मंदिर जमिनीखाली गाडले जाते आणि होलोड्रम देशातले ऋतू विस्कटतात. लिंकला, म्हणजे आपण खेळतो त्या नायकाला, ऋतुदंड मिळतो. तोडलेल्या झाडाच्या खुंटावर उभे राहून तो फिरवला की भोवतालचा ऋतू पालटतो. हिवाळ्यात तळे गोठते आणि त्यावरून चालत पलीकडे जाता येते, तर उन्हाळ्यात वेली वाढतात आणि त्यांना धरून कडा चढता येतो. एकच जागा चार रूपांत ओळखायची असते. हे तुला शिकवावे लागणार नाही. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले यावरून पुराचा अंदाज बांधणारी आणि उन्हाळ्यात त्याच मारुतीच्या पायाशी कोरड्या दगडांवर बसणारी आपण माणसे आहोत. शिवाय या खेळात लढाई अधिक आहे आणि १९८६ च्या पहिल्या झेल्डातले अनेक राक्षस येथे पुन्हा भेटतात. शेजाऱ्यांकडच्या टीव्ही गेमवर, कॅसेट फुंकून फुंकून, दुपारच्या दुपारी कॉन्ट्रा खेळलेल्या तुझ्या हाताला तो लगेच जुळेल.

एजेसचा पिंड निराळा आहे. तेथे वेरान ही चेटकीण काळाची देववाणी असलेल्या नायरूच्या शरीरात शिरून भूतकाळात जाते आणि राणी अँबीकडून एक मनोरा बांधवून घेते. लिंकच्या हाती वीणेसारखे एक वाद्य येते आणि त्याच्या सुरांवर भूत व वर्तमान यांत ये-जा करता येते. येथे तलवारीपेक्षा कोडी अधिक आहेत आणि ती खरोखर कठीण आहेत. जाबू-जाबू या अजस्र माशाच्या पोटातले सातवे भुयार मी कधीच विसरणार नाही. तेथे पाण्याची पातळी मजल्यागणिक वरखाली करत वाट काढावी लागते, आणि एका मजल्यावर केलेला बदल दुसऱ्या मजल्यावरची वाट बंद करतो. मी तेथे आठ दिवस अडकलो होतो. वाट सापडली तेव्हा झालेला आनंद मोठा होता, पण त्यानंतर लगेच सीझन्स हाती घेतला तेव्हा त्यातली कोडी मला हलकी वाटू लागली आणि एका सुंदर खेळाला माझ्याकडून न्याय मिळाला नाही. चढाची वाट आधी सोपी असावी आणि मग अवघड होत जावी, हेच मला पटते.

याहून महत्त्वाचे कारण कथेत आहे. दोन्ही खलप्रवृत्तींच्या मागे उभ्या असलेल्या शक्तीला तीन ज्योती पेटवायच्या असतात. होलोड्रममधल्या उत्पातातून विनाशाची ज्योत पेटते, एजेसमधल्या लॅब्रिना देशातल्या हालांतून दुःखाची, आणि तिसरी असते निराशेची. आधी विनाश, मग दुःख आणि शेवटी निराशा हा क्रम सीझन्सपासून सुरुवात केली तरच जमतो. एजेस आधी खेळल्यामुळे मला दुःख विनाशाच्या आधी भेटले आणि शेवटच्या प्रसंगाची धार कमी झाली. तिसरी ज्योत कशी पेटवायची असते, ते मात्र येथे लिहीत नाही.

एक काळजी अवश्य घे. पहिला खेळ संपला की वीस चिन्हांचा एक संकेत मिळतो आणि तो दुसऱ्या खेळात भरल्यावरच दोन्ही कथा जोडल्या जातात. त्यात इंग्रजी अक्षरांबरोबर बदाम, किलवर अशीही चिन्हे असतात आणि लहान-मोठ्या अक्षरांत गफलत सहज होते. तो वहीत लिही आणि पुन्हा एकदा ताडून पाहा. पुढेही पाच-पाच चिन्हांचे संकेत मिळत राहतील, त्यांना वेगळे पान ठेव.

सीझन्समधल्या होरोन गावात एका जोडप्याला नुकतेच मूल झाले आहे. ते तुला बाळाचे नाव सुचवायला सांगतील आणि नंतर त्याच्या संगोपनाबद्दलही विचारतील. घाईने उत्तर देऊ नकोस, कारण दुसऱ्या खेळात ते मूल मोठे होऊन पुन्हा भेटते. त्याचे नाव काय ठेवलेस, ते पुढच्या पत्रात आठवणीने कळव.

तुझा,
नाशिककर मित्र