जाहीर झालेली मदत म्हणजे भरपाई नव्हे

माननीय संपादक यांस,
स. न.

अपघाताच्या बातमीत शेवटची ओळ ठरलेली असते: 'मृतांच्या कुटुंबीयांना अमुक लाखांची मदत जाहीर.' वाचणारा पान उलटतो. पण ज्यांच्या घरचं माणूस गेलं, तेही समजतात की मिळायचं ते एवढंच. सानुग्रह मदत वेगळी आणि कायद्यानं मागायची भरपाई वेगळी, हे आम्हालाही स्वतःवर बेतलं तेव्हाच कळलं.

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान गेल्या वर्षी इंदूरच्या रिंग रोडवर टेम्पोच्या धडकेत गेले. वय ३८. घरीच शिलाई मशिनी दुरुस्त करायचे. तेरावा व्हायच्या आत टेम्पोमालकाच्या ओळखीचे एक गृहस्थ कागद घेऊन दारात. "बहनजी, राजीनामे पर दस्तखत कर दो, डेढ़ लाख अभी दिलवा देता हूँ." बहीण माझ्याकडे बघून म्हणाली, "कसला राजीनामा? हे कुठे नोकरीला होते?" इथल्या कोर्टकचेरीच्या हिंदीत राजीनामा म्हणजे तडजोड. मराठी कानाला तो अर्थ लागला नाही म्हणून सही राहिली, नाहीतर त्या दिवसांत तिनं कशावरही केली असती.

आता हिशेब बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ आणि २०१७च्या निकालांनी तो बराचसा ठरवून दिला आहे. महिन्याला १२,००० मिळकत धरली तर वर्षाचे १,४४,०००. स्वतःचा धंदा आणि वय ४०च्या आत, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे. मागे बायको, दोन मुलं आणि आई असे चौघं, म्हणून गेलेल्या माणसाच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा. राहिले १,५१,२००. वर्षाची ही रक्कम वयानुसार ठरलेल्या आकड्यानं, म्हणजे गुणकानं, गुणायची; या वयाला तो १५. झाले २२,६८,०००. कुठे हे आणि कुठे दीड लाख!

अर्थात विमा कंपनीचे वकील पहिला प्रश्न विचारतात तो मिळकतीच्या पुराव्याचा. पगाराची पावती नसेल तर किमान वेतनावर बोलणी येतात. आमच्याकडे होती एक लांबट वही, तेलाच्या बोटांचे ठसे उमटलेली. 'पट्टा बदलला, १८०', 'शटल, बाकी ९०' अशा नोंदी, रोजच्या रोज. बहीण ती रद्दीत घालायला निघाली होती. पोलिसांचे कागद, पीएम रिपोर्ट आणि मर्ग (अकस्मात मृत्यूची पोलीस नोंद) क्रमांक यांच्या जोडीला आज ती वही फाइलमध्ये आहे. आणि गेलेली व्यक्ती गृहिणी असेल तर 'मिळकत नाही' म्हणून दावा सोडू नये. घरकामाचीही काल्पनिक मिळकत धरायची असते, हे न्यायालयानं जानेवारी २०२१मध्ये पुन्हा सांगितलं आहे.

खरी भीती मुदतीची. १ एप्रिल २०२२पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत दावा दाखल करावा लागतो. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर कुणी बसू नये. दिवसकार्य, मुलांच्या परीक्षा, बँकेतले नावबदल यांत सहा महिने कसे सरतात ते आम्ही पाहिलं. आमचा दावा पाचव्या महिन्यात गेला.

दावा अपघात झाला तिथेच करावा लागतो, हाही गैरसमज. १८ जुलै २०२२ला इंदूरहून अमळनेरला निघालेली एसटी धार जिल्ह्यात खलघाटला नर्मदेत कोसळली. अशा वेळी खानदेशातल्या कुटुंबाला धारच्या कोर्टात खेटे घालण्याची गरज नसते, राहत्या ठिकाणच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही दावा चालतो. धडक देऊन वाहन पळालं आणि सापडलंच नाही तरी मृत्यूसाठी २ लाख मिळतात. पूर्वी हे २५,००० होते. त्याचा अर्ज मात्र न्यायालयात नव्हे, महसूल अधिकाऱ्याकडे करायचा. वकिलाच्या फीची धास्ती असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं; बाईमाणसाला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

तेव्हा विनंती एवढीच, की 'मदत जाहीर'च्या खाली आणखी दोन ओळी छापत जा: दावा सहा महिन्यांच्या आत, आणि तोवर कुठल्याही कागदावर सही नाही. जागा फार लागत नाही. उठावण्याच्या (शोकसभेच्या) जाहिरातीपेक्षा कमीच.

आपला एक वाचक,
लोकमान्य नगर, इंदूर